नागपूर-पुणे विमानाने सव्वा तास, पण घरापासून घरापर्यंत किती? अनुभव सांगा

मुलगी पुण्यात नोकरीला लागली, आता आमचं जाणं-येणं वाढणार. नागपूर-पुणे हवाई अंतर साधारण 600 किमी, तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दिसते. पण कुलूप लावल्यापासून तिच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ धरायचा? मुंबई, दिल्लीचे अनुभवही चालतील, फक्त वेळेसकट लिहा.

मनीषनगरहून: ताई, पाच तास धराच. मला सोनेगाव जवळ आहे, पंधरा मिनिटांत विमानतळ, तरी दोन तास आधी निघतो कारण बॅग द्यायचं काउंटर तासभर आधी बंद होते. आणि पुण्यात लोहगावहून हिंजवडी संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे कधी कधी विमानापेक्षा जास्त वेळ घेते. मुलगी विमाननगर-खराडीकडे राहत असेल तर तुमचं नशीब चांगलं.

चंद्रपूरहून: आमचं गणितच वेगळं आहे. नागपूर दीडशे किमी, म्हणजे रस्त्यानेच तीन तास. सकाळचं विमान असलं की रात्री दोनला निघा, नाहीतर आदल्या दिवशी प्रतापनगरला नणंदेकडे मुक्काम. बाबांना मुंबईला दाखवायला नेतो, त्यांना रात्रभर गाडीत बसवत नाही म्हणून विमानच घेतो, पण अख्खा दिवस जातोच. विदर्भातल्या माणसाने नागपूरपर्यंतचा वेळ आधी धरावा, विमानाचा नंतर.

धरमपेठहून: मुंबईहून परत येताना बहुतेक वेळा थोडं लवकर पोचतो, हिवाळ्यात तर नक्कीच, कारण वरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहते, येताना पाठीशी आणि जाताना समोरून. पावसाळ्यात मात्र मुंबईवर विमान घिरट्या घालत राहते, तेव्हा पुढची मीटिंग लगेच ठेवू नका. दिल्लीचं डिसेंबर-जानेवारीतलं सकाळचं विमान शक्यतो टाळा भाऊ, धुक्यात सगळंच अडकते.

इतवारीहून: माझे वडील पोस्टात होते, ते रात्रीच्या टपाल विमानांबद्दल फार अभिमानानं सांगायचे. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून विमानं निघून मध्यरात्री नागपूरला भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. चारही शहरं इथून हवाई मार्गाने साधारण 700 ते 1000 किमीत आहेत, म्हणून ते जमायचं. आजही या चारही ठिकाणी थेट विमान मिळालं तर दोन-सव्वादोन तासांच्या आत माणूस उतरतो, मधे बदलावं लागलं तर मात्र अर्धा दिवस गेला समजा.

वर्ध्याहून: घाई नसेल तर अजनी-पुणे वंदे भारत बघा, 881 किमी, 12 तास, वर्ध्याला थांबते. दिवस जातो खरा पण सामानाचं टेन्शन नाही, जेवण जागेवर. मुंबईसाठी समृद्धी आहे, 701 किमी, आठ तास म्हणतात, आम्ही मात्र ड्रायव्हरच्या विश्रांतीचे दोन तास वेगळे ठेवतो आणि ते ठेवलेच पाहिजेत.