कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिप: अर्जाआधी पासपोर्टवरचं माहेरचं नाव बदलावंच लागतं का?

ऐरोलीची_लेक

नमस्कार. डिसेंबरात लग्न झालं. नवरा कॅनडात विनिपेगला असतो, तिथला पीआर (कायमचा रहिवासी) आहे. तीन आठवड्यांची रजा काढून आला, आठवड्याच्या अंतराने साखरपुडा आणि लग्न झालं आणि तो परत गेला. आता स्पॉन्सरशिपचे, म्हणजे त्याने मला बायको म्हणून तिकडे बोलावून घ्यायच्या अर्जाचे, कागद जमवायला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडले आहे: नाव.

दहावीच्या सर्टिफिकेटपासून डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा), आधार, पॅन, पासपोर्टपर्यंत माझं सगळं बाबांच्या नावासकट आहे. सासूबाई पाचपाखाडीला असतात. त्या म्हणतात, आधी गॅझेट (राजपत्रात नाव बदलल्याची नोंद) कर, नवीन पासपोर्ट काढ, मग अर्ज कर, नाहीतर तिकडचा साहेब विचारेल की नाव वेगळं, मग ही बायको कशी? त्या काळजीपोटीच म्हणतात, त्यात खोट नाही.

पण बाबा ऑगस्ट २०२२ मध्ये गेले. त्याआधी दीड वर्ष मी लॅबमधली नोकरी सोडून घरी होते, आठवड्यातून तीन दिवस त्यांचं डायलिसिस असायचं. मला त्यांचं नाव पुसायला हात होत नाही. त्यावाचून अर्ज अडणारच असेल तर बदलेन, पण अडतो का, ते अनुभव असलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे.

आणखी दोन गोष्टी. गृहप्रवेशाला नवऱ्याने अंगठीने तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. कागदोपत्री ते कुठेच नाही, घरच्यांनी हौसेने ठेवलंय. फोटो फार छान आलाय, पण तो दिला तर नावांचा घोळ वाटेल का? आणि नोकरी सोडून घरी होते ते दीड वर्ष फॉर्ममध्ये काय म्हणून दाखवू?

खारेगाव_नाका

माझं ऐकाल तर नाव बदलूनच टाका, पुढची कटकट वाचते. आणि एक लक्षात ठेवा, गेल्यावर दोन वर्षं नवऱ्यासोबत राहावंच लागतं, नाहीतर पीआर काढून घेतात. माझ्या मावसबहिणीच्या वेळी तसंच होतं.

कोपरी_ते_कॅलगरी

ऐरोलीची लेक, मी ठाणे पूर्वेची, कोपरीची. याच मार्गाने इथे आले आणि आजही माझ्या पासपोर्टवर माझ्या वडिलांचं नाव आहे. त्यामुळे आधी हे वाच आणि शांत झोप: नाव बदलावं लागत नाही. आपल्या कायद्यात लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाही आणि कॅनडाच्या अर्जातही नाही. नातं सिद्ध होतं ते लग्नाच्या दाखल्याने, आडनाव जुळल्याने नाही.

उलट, आत्ता बदललंस तर अडचण तूच ओढवून घेशील. पासपोर्ट नव्या नावाचा, दहावी जुन्या नावाची, लॅबचं अनुभवपत्र जुन्या नावाचं, आणि ते सगळं जोडायला गॅझेट लावायचं. शिवाय आपल्या पासपोर्टात मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच बसतं. कॅनडाच्या फॉर्मातही पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. म्हणजे तुझ्या बाबांचं नाव तिथल्या कार्डावरही तुझ्या नावाला लागून येईल. मला दवाखान्यात अजून कधीकधी वडिलांच्या नावाने हाक मारतात. आधी दचकायचे, आता बरं वाटतं.

खरा कस लागतो तो ५५३२ नंबरच्या फॉर्ममध्ये. पहिली भेट कधी, कुठे, कोणी घालून दिली, साखरपुड्याला आणि लग्नाला कोण कोण होतं, आता एकमेकांशी कसं बोलता, सगळं त्यात विचारतात. ठरवून केलेलं लग्न ही उणीव नाही. पण लग्न खरं नाही असं वाटलं, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं असं वाटलं, तर या दोन्हींपैकी एकच कारण नकाराला पुरतं. तुमचा साखरपुडा, लग्न आणि त्याचं परत जाणं तीन आठवड्यांत आटोपलंय. ही घाई का झाली ते अधिकाऱ्याने विचारायच्या आधी तुम्हीच सांगा: रजा किती होती, मुहूर्त कोणते होते, स्थळ आल्यापासून साखरपुड्यापर्यंत किती महिने बोलत होतात. विनिपेग आणि आपल्यात हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक. तरी तुम्ही रोज बोलत असाल तर त्याच्या ड्युटीआधी की तुझ्या झोपेआधी, हेसुद्धा लिहा. चॅटचा गठ्ठा लावू नका, दर महिन्यातले मोजके स्क्रीनशॉट पुरेत. महिने सुटता कामा नयेत.

फोटो वीसच देता येतात. आम्ही पहिल्यांदा एकाच स्टेजवरचे अकरा निवडले होते, मग नणंदेने ओरडून बदलायला लावले. पंगत, आजी, शेजारी, साखरपुडा, विमानतळावरचा निरोप, असं वेगवेगळं घ्या. तांदळाचा फोटो नक्की दे. खाली ओळ लिही की महाराष्ट्रात ही प्रथा आहे, हे नाव घरगुती आहे, कागदपत्रांत वापरलेलं नाही. तुझी लग्नपत्रिका मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. ते नवऱ्याने किंवा घरच्यांनी केलेलं चालत नाही. सर्टिफाइड भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं. माझा लग्नाचा दाखला दोन्ही भाषांत होता, तो तसाच चालला.

दीड वर्षाचं काय, तर जे होतं तेच लिही: आजारी वडिलांची देखभाल. गेल्या दहा वर्षांचा महिनावार हिशोब मागतात, रिकामा महिना ठेवायचा नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मी सासऱ्यांच्या पक्षाघातानंतरचे सात महिने असेच लिहिले होते, कोणी एक प्रश्न विचारला नाही.

आणि @खारेगाव_नाका, ती दोन वर्षांची अट खरी होती, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेली ती अट एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली. कृपा करून हे पुढे पसरवू नका. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका त्या अटीपायी, पीआर जाईल म्हणून, घरातून बाहेर पडायला घाबरायच्या, म्हणून ती अट गेली. नवीन मुलींना ही भीती घालू नये.

खारेगाव_नाका

बरं झालं सांगितलंत. बहिणीचं २०१४ चं आहे. चुकीची माहिती गेली, माफ करा.

घोडबंदर_रहिवासी

स्पॉन्सरच्या बाजूने लिहितो, बायकोला मीच नेलं. एक प्रश्न आधी: लग्न नवऱ्याच्या पीआरनंतर झालंय ना? पीआर होऊन उतरण्याआधीच लग्न झालेलं असेल आणि त्याने तेव्हा ते सांगितलं नसेल, तर पुढे त्याच बायकोला स्पॉन्सर करणं साधारणपणे बंद होतं. बाकी कुठलाही खड्डा याच्याएवढा खोल नाही.

क्युबेकचे नियम वेगळे आहेत, पण मॅनिटोबात जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट नाही. तो सरकारी मदतीवर जगत नसला पाहिजे (अपंगत्वाची मदत सोडून), आणि तुमच्या खर्चाची हमी तीन वर्षांची असते. पीआर असल्याने त्याला अर्जाच्या काळात कॅनडातच राहावं लागेल, भारतात मुक्काम हलवता येणार नाही.

पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मिळेल, फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणीला वेळ धरा. फार आधी काढू नका, अर्ज भरण्याच्या सहा महिन्यांच्या आतलं लागतं. माझ्या घरी आम्ही उत्साहाने पहिल्याच आठवड्यात काढलं, आणि लग्नाच्या दाखल्यावरची एक स्पेलिंगची चूक दुरुस्त होईपर्यंत ते जुनं झालं. परत रांग. दाखला घरी आल्या आल्या दोघांची नावं पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून पाहा.

ऐरोलीची_लेक

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पीआर त्याला लग्नाच्या तीन वर्षं आधीच मिळालं आहे, ते ठीक. दाखला काढून पाहिला, माझ्या आडनावात एक ‘एच’ जास्त आहे. उद्या सुट्टी टाकून प्रभाग कार्यालयात जाते.

काल रात्री ५४०६ नंबरचा फॉर्म उघडला, घरच्यांची माहिती भरायचा. त्यात हयात नसलेल्यांचंही लिहायचं असतं हे माहीत नव्हतं. बाबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गेल्याची तारीख लिहिली. मग बराच वेळ पुढे काही भरता आलं नाही.

कोपरीताई, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तांदळातलं नाव त्यांच्या आईचं, ते का ठेवलं हेही फोटोखाली लिही. आता त्या सांगतायत आणि मी इंग्रजीत उतरवतेय. एवढं लांब लिहिलं तर चालेल का?

कोपरी_ते_कॅलगरी

तीन-चार ओळी सहज चालतील. तू इंग्रजीत लिहिते आहेस म्हणजे त्याचं भाषांतरही लागणार नाही. लग्नपत्रिकेवर तुझं नाव पासपोर्टसारखंच छापलंय ना, तेवढं आजच बघून घे.