कयाक गॅरेजात वर टांगायची आहे, स्लॅबला हुक कसे मारू?

तिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. गणेशगुडीला काळी नदीत वल्हं मारून आलो आणि डोक्यात किडा शिरला. दोन महिन्यांत जुनी कयाक घेऊन दारात हजर. १० फुटी, प्लास्टिकची, वर बसायची; भंगारवाल्याच्या काट्यावर २४ किलो भरली. आईचा एकच धोशा, "ही होडी आधी वाटेतनं काढ." गॅरेज पुढं पत्र्याचं, मागं स्लॅबचं. पत्र्याच्या अँगलला नायलॉनची दोरी बांधली, दोन्ही टोकांच्या हँडलात ओवली आणि हात झटकले. मे महिन्यात उतरवली तर केळ्यासारखी वाकलेली, एका हँडलचा स्क्रू निम्मा बाहेर! खाली स्कूटर असते, पोरगं तिथंच बॉल खेळतं. आता स्लॅबला टांगतो म्हणतोय. तिथं पंख्याचा हुक आहे, तोच चालेल का?

उद्यमबागचा रिटायर्ड फिटर:
पंख्याच्या हुकाला नको. २४ किलो पेलंल तो, खरं एकाच जागी टांगलेली होडी गरगर फिरणार, एका टोकाला कलणार. आणि त्या हुकाकडं वायरीचा पाईप स्लॅबच्या पोटातनं आलेला असतोय. पंखा ते बोर्डाची भिंत, ही लाईन सोडूनच भोक पाडा.

मी सगळा जन्म फौंड्रीत वजन उचलायचा चेनब्लॉक ओढलो. माणसं वस्तूचं वजन मोजतात, हुकावर काय येतं ते मोजत नाहीत. बघा, एका टोकाला १२ किलो. दोरी वरच्या हुकाला लावलेल्या पुलीतनं घेऊन तुम्ही खाली ओढताय, म्हणजे होडीचे १२ आणि तुमच्या हाताचे १२, हुकाला २४ झाले. हात निसटून दोरी झटक्यानं ताणली तर किती, ते विचारूच नका. म्हणून १० मिमीचा लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, घाला, प्लास्टिकचा रावळप्लग छताला चालत नाही. हुक बंद डोळ्याचा घ्या. वर चढवून झाली की दोरीच्या भरवशावर ठेवू नका, दोन्हीकडं साखळी अडकवा. पोरगं खाली खेळतंय म्हणताय ना!

भोक मारायच्या आधी हातोडीनं हळू ठोकत जा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. गिलाव्याची जाडी धरायची नाही, अँकर काँक्रिटातच बसला पाहिजे. ड्रिलला सळई लागली की जोर करू नका, बाजूला सरका. बीमच्या बुडाला तर हातच लावू नका.

खानापूरची सून:
फिटरकाकांचं हुकाचं बरोबर, मी होडीचं सांगते. हँडल हे उचलून न्यायला असतं ओ, टांगायला नाही. टोकापासून अडीच-अडीच फुटांवर दोन पट्टे घ्या, दोन इंची नवार, बाजेला विणतात ती. बारीक दोरी रुतून पोचा येतो. पालथी ठेवा. पत्र्याखाली उन्हाळ्यात प्लास्टिक मऊ पडतं, तुमचं केळं त्यामुळंच झालं. कडक उन्हात फक्त टोकांखाली फळ्या देऊन पालथी ठेवून बघा, बरीच सरळ होईल. तासातासाला बघत राहा, नाहीतर उलटीकडं वाकेल.

आमचं घर कौलारू, वाश्यांना टांगायची हिंमत झाली नाही. भिंतीला दोन लाकडी ब्रॅकेट ठोकून, त्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून कुशीवर ठेवलीय. हॅचचं, म्हणजे होडीच्या पोटात सामान ठेवायच्या कप्प्याचं, झाकण घट्ट लावलं तर पावसाळ्यात कुबट वास, उघडं ठेवलं तर उंदीर. एकदा आत भाताच्या तुसांचं घरटं आणि सहा पिल्लं निघाली. आता तारेची जाळी लावलीय.

तिळकवाडीकर:
रविवारी ठोकत गेलो. तीन जागी आवाज खणखणीत. चौथ्या जागी भाकरीएवढी खपली थेट स्टुलाशेजारी पडली, आत सळई तांबूस गंजलेली. बाकीच्या जागी मारू का?

उद्यमबागचा रिटायर्ड फिटर:
थांबा. त्या जागेच्या बरोबर वर गच्चीत पाणी तुंबतंय काय बघा. सळई गंजली की फुगत्या आणि गिलावा ढकलत्या. ते आधी दुरुस्त करून घ्या, हुक मागनं. तोवर होडी खालीच, फळ्यांवर.

तिळकवाडीकर:
गच्चीत त्याच कोपऱ्यात पाईपाचं तोंड पिंपळपानांनी बुजलंय. गवंड्याला सांगितलंय. आई विचारतेय, "तोवर" म्हणजे किती दिवस?