जगबुडीच्या गोष्टी: शिस्तीत मरणारी माणसं खरी की एकमेकांना खाणारी?

खिडकीतली जागा

नेव्हिल शूटची 'ऑन द बीच' परवा तिसऱ्यांदा वाचून संपवली आणि पुन्हा तेच वाटलं: जगाच्या अंतावर इतकी खरी कादंबरी दुसरी नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५७ सालचं पुस्तक. उत्तर गोलार्धात अणुयुद्ध होऊन गेलंय, तिकडे कोणी उरलेलं नाही. किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर दक्षिणेला सरकतोय आणि मेलबर्नच्या लोकांच्या हातात काही महिने आहेत. खलनायक नाही, पळायला जागा नाही, शेवटच्या प्रकरणात कुणाला औषध सापडत नाही.

मग लोक काय करतात? कामावर जातात. एक तरुण जोडपं पुढच्या वर्षीच्या बागेचे बेत करतं. क्लबातल्या म्हाताऱ्यांना वेगळाच घोर: तळघरात पोर्ट वाइनच्या तीन हजारांवर बाटल्या पडून आहेत, त्या वेळेत संपायच्या कशा! अमेरिकन पाणबुडीचा कप्तान ड्वाइट. बायको-मुलं कधीच गेलीत हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो मुलीसाठी पोगो स्टिक, म्हणजे ती उड्या मारायची स्प्रिंगवाली काठी, शोधत फिरतो. तिथे मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहते. तिन्ही वेळा तसंच झालंय.

माझं म्हणणं एवढंच की जग संपताना माणूस राक्षस होत नाही, उद्याची भाजी निवडत बसतो. टोळ्या, नरभक्षक, झोंबी हे लेखकांनी आपल्या डोक्यात भरवलेलं खूळ आहे. बोला.

वरणफळ

साफ असहमत. शूट मुळात विमानं बनवणारा इंजिनिअर, त्यामुळे त्याची पात्रंसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे मरतात. सरकार शेवटच्या गोळ्या वाटतं आणि लोक त्या मुकाट घेतात. पेट्रोल नाही, उद्या नाही, आणि अख्ख्या मेलबर्नमध्ये फार तर चार दारुडे रस्त्यात! ही कादंबरी नाही, सोसायटीचं परिपत्रक आहे.

कॉरमॅक मॅकार्थीची 'द रोड' घ्या, २००६ ची. जग कशाने संपलं हे तो सांगतही नाही. राख, थंडी, बाप, मुलगा, सामानाची ढकलगाडी आणि सुरुवातीला पिस्तुलात दोन गोळ्या. त्या कुणासाठी ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. बापाला एका मोडक्या यंत्रात कोकचा एकच कॅन सापडतो. पोराने असलं काही कधी प्यायलेलं नाही. बाप म्हणतो तू पी, पोरगं म्हणतं तुम्हीपण घ्या. आजूबाजूला माणसं माणसांना खातायत म्हणून तर त्या एका घोटाला किंमत आहे. सगळेच सभ्य असते तर तो नुसता कोक.

आणि खूळ म्हणताय म्हणून सांगतो. २४ मार्च २०२०, रात्री ८ वाजता लॉकडाउनची घोषणा झाली. साडेआठला आमच्या वाण्याकडे दोन सभ्य गृहस्थ, त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, पाच किलो आट्याच्या शेवटच्या पिशवीची दोन टोकं धरून उभे. पिशवी फाटली. पीठ सगळ्यांच्या चपलांवर. तेव्हा जग संपायला अजून बराच अवकाश होता.

खिडकीतली जागा

पिशवी फाटल्यावर काय झालं तेही सांगा ना. अर्ध्यावर का थांबलात?

वरणफळ

वाण्याने झाडू आणला, दोघांनी मिळून पीठ गोळा केलं. कळला तुमचा मुद्दा. पण वाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडणार होता, माल येणार होता, म्हणून. ट्रक येणारच नाही असं पक्कं ठाऊक असतं तर?

खिडकीतली जागा

मेलबर्नला तेच पक्कं ठाऊक आहे. मुद्दा तोच तर आहे. थोडं उरलं की माणूस ओरबाडतो. काहीच उरणार नाही म्हटल्यावर कशासाठी भांडणार?

कोरा चहा

तुम्ही दोघं मरायच्या पद्धतीवर भांडताय. मला त्यानंतर काय उरतं यात जास्त रस आहे. वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोवित्झ' वाचा. अणुयुद्धाला शतकं लोटलीत. यूटाच्या वाळवंटात मठ आहे आणि भिक्षू जुन्या जगाचे कागद जपून ठेवतायत. त्यांच्यातल्या एकाला चक्क संत लीबोवित्झच्या हातचा कागद सापडतो. केवढं पावित्र्य! आणि लिहिलंय काय, तर घरी जाताना आणायच्या सामानाची यादी. मांस, लोणच्यातला कोबी, सहा बेगल.

हसू येतं, पण हा मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता आणि १९४४ साली इटलीत माँते कासिनोचा जुना मठ उद्ध्वस्त करणाऱ्या हल्ल्यात सामील होता. मठ पाडणाऱ्याने पुढे मठच लिहिला. मला तरी यापुढे पोगो स्टिक फिकी वाटते. (मारू नका.)

रिकामटेकडी

'स्टेशन इलेव्हन' कुणी घेतलं नाही अजून? महासाथीनंतर शेक्सपिअरची नाटकं करत गावोगाव हिंडणारी नाटकमंडळी. मला आवडली, फक्त सगळे फारच सुंदर दुःखी असतात. वीस वर्षं साबण बनत नाही आणि अंगाला वास येतोय असं क्वचितच कुणी म्हणतं.

घाटपायथा

सगळी गोऱ्यांचीच नावं चाललीत म्हणून मधे पडतो. आपल्याकडे जग बुडतच नाही, वेळेवर वाचतं. नारळीकरांची 'धूमकेतू' आठवा. कोलकात्याच्या दत्तदांनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याची वाट बदलतात आणि इकडे दत्तदांच्या घरी बायको शांतीचा यज्ञ करून मोकळी! जग कुणामुळे वाचलं हा घरातला वाद. कथा झकास आहे, पण अंताची भीती बसायच्या आत अंत टळतो.

खरा अंत हवा असेल तर महाभारतातलं मौसलपर्व. द्वारका बुडाल्यावर अर्जुन यादवांच्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटारू तुटून पडतात. त्यांच्या हातात काय? काठ्या. आणि हा गांडीव कसंबसं सज्ज करतो, तर अस्त्रं आठवत नाहीत. बाण संपतात, डोळ्यांदेखत बायका पळवून नेतात. भयंकर ते आहे. तलवार मोडत नाही, ज्ञान विसरलं जातं. जॉर्ज स्ट्युअर्टच्या 'अर्थ अबाइड्स'मध्ये (१९४९) नायकाच्या पोरांना वाचनाचं काही पडलेलं नसतं, ती जुनी नाणी ठोकून बाणांची टोकं करतात. तेच वाचताना मला अर्जुन दिसत होता. इरावतीबाई कर्वेंनी १९६७ साली महाभारतावरच्या पुस्तकाला 'युगान्त' हे नाव उगाच नाही दिलं.

रिकामटेकडी

धागा ललित साहित्याचा आहे ना? महाभारत कुठे आणलंत? आता शंभर प्रतिसाद नक्की.

वरणफळ

आणलंय ते माझ्याच बाजूने. यादव कसे संपले? प्रभासला दारू पिऊन जुनी उणीदुणी काढत एरका गवताने एकमेकांना झोडून. रांगेत गोळ्या घेऊन नव्हे.

खिडकीतली जागा

त्याआधीचं विसरलात. ऋषींच्या शापाने यादवांचा नाश करणारं मुसळ जन्मल्यावर द्वारकेत दवंडी पिटली होती: आजपासून कुणी दारू गाळायची नाही, गाळेल त्याला सुळावर. मुसळ कुटून चूर्ण समुद्रात टाकलं. म्हणजे अंत समोर दिसताच त्यांनीही पहिल्यांदा परिपत्रकच काढलं.

वरणफळ

आणि शेवटी ते प्रभासला दारू घेऊनच गेले. परिपत्रकांचं असंच होतं.

कोरा चहा

वरणफळ, ते मुख्याध्यापक आता कसे आहेत?

वरणफळ

ठणठणीत. पण त्या वाण्याकडे पुन्हा पाऊल नाही टाकलं. पीठ अजून पलीकडच्या गल्लीतून आणतात.