मदत हवी आहे: ओर्बान बाहेर गेले, तरी एकमत कसं झालं?
नमस्कार मंडळी. टीवायच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. युरोपीय संघाच्या निर्णयप्रक्रियेत एका ठिकाणी अडले आहे.

बहुमताचं गणित फळ्यावर मांडलं: २७ पैकी १५ देश आणि संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. ते मुलांना लगेच कळलं. घोडं अडलंय ते एकमतापाशी, म्हणजे जिथे एकाही देशाचा नकार चालत नाही तिथे.

१४ डिसेंबर २०२३ ला ब्रसेल्समध्ये संघाच्या नेत्यांच्या बैठकीत युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचं एकमताने ठरलं, तेव्हा हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान खोलीबाहेर गेले होते. उरलेल्या २६ जणांनी होकार दिला आणि निर्णय झाला. संघाचा करार म्हणतो, हजर सदस्य तटस्थ राहिला तर एकमत मोडत नाही. पण जो खोलीतच नाही, त्याला काय धरायचं? बरं, युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत त्याच रात्री ओर्बाननीच अडवली, ती पुढे १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. म्हणजे नकाराधिकार शाबूतच होता.

"मॅडम, मग त्यांना तटस्थ म्हणायचं की गैरहजर?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. मला ठाम उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय. अंदाजाने सांगायचं नाहीये.

युरोपीय कायदा शिकलेलं किंवा तिकडे काम करणारं कोणी आहे का इथे? नेमकं कलम सांगा. सोमवारी पुन्हा तास आहे.