मदत हवी आहे: तुरुंगातल्या भावाला मेसेज जात नाही, कोड चुकीचा दाखवतोय

अनुजा_मिरज (सोमवार, रात्री १०:४२)
कोणाला माहीत असेल तर कृपया लवकर सांगा. धाकट्या भावाला मेसेज पाठवायचा आहे. साईटवर नाव नोंदवलं, पासवर्ड झाला, पण कोड टाकला की चुकीचा म्हणतं. सकाळपासून सात वेळा टाकून पाहिला. एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. आई शेजारी बसून आहे, "गेला का गं?" एवढंच विचारते. ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

रानवारा (१०:५५)
कुठली साईट? कोड कोणी दिला? भाऊ कुठे आहे?

विजय_ठाणे (११:०८)
अनुजाताई, घाबरू नका. ई-मुलाखतीची, म्हणजे कैद्याच्या भेटीसाठी नोंदणी करायची साईट असणार. तिथे आधी राज्य आणि जेल निवडायचं, मग बंद्याचं नाव आणि वडिलांचं नाव कागदोपत्री आहे तसंच लिहायचं. एका वेलांटीचा फरक पडला तरी सापडत नाही. ओटीपी येतो, तो लगेच टाकायचा. मुलाखत मंजूर झाली की कळवतात. पण मेसेज पाठवायची सोय आपल्याकडे नाही, तो नाद सोडा. पत्र लिहा. माझा चुलतभाऊ कळंब्याला दोन वर्षं होता, दर पंधरवड्याला आंतरदेशीय टाकायचो. आतले साहेब वाचून मग देतात, पण मिळतं.

अनुजा_मिरज (११:१५)
काका, आभार, पण भाऊ अमेरिकेत आहे. लिहायचं राहिलं. साईटचं नाव कोरलिंक्स.

ओहायोकर (११:३१)
मग भाऊ फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, तुरुंगात आहे असं धरतो. तिथे आतल्या माणसाला मोबाईल नसतो. बराकीत सगळ्यांत मिळून काही कॉम्प्युटर असतात, त्या व्यवस्थेला ट्रुलिंक्स म्हणतात. तुम्ही बाहेरून कोरलिंक्सवर लिहिता ते तिथे पोचतं. इंटरनेट नाही.

सुरुवात नेहमी आतूनच होते. त्याने तुमचा ईमेल आपल्या यादीत घातला की तुम्हाला कोडचा मेल येतो. हा कोड १० दिवसच चालतो. मेल कोणत्या तारखेचा आहे ते आधी बघा.

मृणाल_डॅलस (११:४०)
कोरलिंक्सच्या मागे कशाला लागताय? जेपे नावाची मेसेजची सेवा घ्या. स्टॅम्प विकत घ्यायचे, एका मेसेजला एक स्टॅम्प, फोटोही जातो. माझ्या नणंदेच्या दिराच्या वेळी आम्ही तेच वापरलं.

ओहायोकर (११:४६)
मृणालताई, ते राज्याच्या तुरुंगांसाठी. फेडरलला कोरलिंक्सच. त्यांचे पैसे वाया घालवू नका.

मृणाल_डॅलस (११:५२)
पैसे वाया घालवा असं मी कुठे म्हटलं? अनुजाने अजून फेडरल म्हटलेलंच नाही, तुम्हीच धरून चाललात. काउंटी, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये तर प्रत्येक ठिकाणी वेगळी कंपनी असते.

अनुजा_मिरज (मंगळवार, सकाळी ६:२०)
फेडरलच. नंबर आहे, पाच आकडे, आडवी रेघ, तीन आकडे. मेल ९ तारखेला आला. आज १७.

ओहायोकर (६:३४)
तसा नंबर म्हणजे फेडरलच. आज आणि उद्या मिळून दोनच दिवस धरा. कोड गेला तर त्याला पुन्हा तुमचं नाव यादीत घालावं लागेल, आणि ते त्याला सांगणार कसं हाच प्रश्न आहे, कारण मेसेज तर जात नाही. त्याचा फोन येतो का?

अनुजा_मिरज (६:५०)
एकदा आला होता. मी शाळेत होते. आईने उचलला तर इंग्रजीत रेकॉर्डिंग. तिला वाटलं, बँकेच्या नावाने फसवणारे असतात तसे कोणीतरी. तिने ठेवून दिला. मागून मी सांगितलं तेव्हापासून ती फोन मांडीवरच घेऊन बसते, अंघोळीला जातानाही माझ्या हातात देऊन जाते.

ओहायोकर (६:५८)
आईंना सांगा, ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकायचं. फेडरल तुरुंगातून कॉल आहे असं आधी सांगतात, घ्यायचा असेल तर ५ दाबायचं. वेळ १५ मिनिटं. दाबलं नाही तर कॉल तिथेच संपतो. फोनच्या मागे कागद चिकटवून त्यावर मोठा ५ लिहून ठेवा.

एक_वाचक (७:४०)
गुन्हा काय आहे ते कळल्याशिवाय सल्ला कसा द्यायचा?

रानवारा (७:४४)
बहिणीला मेसेज पाठवायचा आहे, जामीन मागायचा नाहीये. गुन्ह्याचा इथे काय संबंध?

एक_वाचक (७:५१)
संबंध असतो. काही गुन्ह्यांत ईमेलची सोयच बंद ठेवतात.

ओहायोकर (८:०२)
हे खरं आहे. पण त्याला बंदी असती तर कोडचा मेल आलाच नसता. अनुजाताई, तुम्ही काही सांगू नका.

अ‍ॅड_सुमेधा (८:३०)
एक महत्त्वाचं. या मेसेजमधला प्रत्येक शब्द तुरुंगाचे अधिकारी वाचू शकतात. खटला, अपील, साक्षीदार, पैशांचे व्यवहार, काही लिहू नका. वकिलाशी झालेला पत्रव्यवहारसुद्धा या मार्गाने गेला तर गोपनीय राहत नाही. आणि भावाला भारतीय दूतावासाशी बोलायचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा वगैरे ठिकाणी आपले वाणिज्य दूतावास आहेत. त्याचा तुरुंग ज्यांच्या हद्दीत येतो त्यांना लिहा.

विजय_ठाणे (९:१०)
शिक्षा भारतात भोगता येते ना? २००३ चा कायदा आहे कैदी परत आणण्याचा. तो अर्ज करा आधी.

अ‍ॅड_सुमेधा (९:२५)
विजयकाका, कायदा आहे, पण त्यासाठी शिक्षा अंतिम व्हावी लागते, दोन्ही देशांची आणि स्वतः कैद्याची संमती लागते. उद्या संपणाऱ्या कोडला त्याचा उपयोग नाही.

विजय_ठाणे (९:३३)
मी तळमळीने सांगतोय.

रानवारा (९:४१)
अनुजा, एक विचारते. कोडचा मेल ज्या ईमेलवर आला, साईटवर नोंदणी त्याच ईमेलने केलीस ना?

अनुजा_मिरज (दुपारी १:१५)
मधल्या सुट्टीत लिहितेय. मेल माझ्या जुन्या ईमेलवर आला, भावाला तोच पाठ आहे. जुन्यावर आलेलं सगळं नव्यावर आपोआप येतं, मी पाच वर्षं नवाच वापरते. म्हणून नोंदणी नव्याने केली. ते चालत नाही का?

ओहायोकर (१:१९)
ताई, इथेच अडलंय! त्याने यादीत जो ईमेल घातला, नोंदणी त्याच ईमेलने व्हायला हवी. कोड त्या पत्त्याला बांधलेला आहे. जुन्या ईमेलने नवीन खातं उघडा, मग तोच कोड टाका. आत्ता करा.

मृणाल_डॅलस (१:२४)
बरोबर. आणि जुन्याचा पासवर्ड आठवत नसेल तर आधी तो मिळवा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

अनुजा_मिरज (सायंकाळी ७:०५)
झालं. गेला!! पासवर्ड मिळायला तास गेला, जुना मोबाईल नंबर वहिनीकडे होता. कोड पहिल्या झटक्यात घेतला. त्याचं नाव आलं पडद्यावर आणि आईने पदर डोळ्याला लावला.

पहिला मेसेज आईने सांगितला, मी लिहिला. जेवतोस का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे. मग म्हणाली, लिही, अंगणातल्या कढीपत्त्याला पालवी फुटलीय. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं. बरोबर केलं ना?

ओहायोकर (७:२२)
अगदी बरोबर. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने देवनागरीत पाठवलं होतं तर आत नुसते चौकोन दिसले. आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतलं तपासायला वेळ लागू शकतो, तेव्हा उत्तर उशिरा आलं तर आईंना धीर द्या. आतून मेसेज लगेच सुटत नाही, कॉम्प्युटरला रांग असते. वापराचे मिनिटाला ५ सेंट त्याच्या खात्यातून जातात, तुम्हाला साईटवर काही पडत नाही. एका मेसेजमध्ये १३,००० अक्षरं मावतात, म्हणजे आईंनी हवं तेवढं सांगावं.

मृणाल_डॅलस (७:३०)
राज्याच्या तुरुंगात आम्ही प्रत्येक मेसेजला पैसे मोजले. कनेटिकटमध्ये फोन फुकट केले तसं सगळीकडे व्हायला हवं. मार्था राइट नावाच्या आजींनी नातवाशी बोलायच्या फोनबिलावरून लढा दिला, त्यांच्या नावाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण तो कॉलसाठी, मेसेजच्या दरांसाठी नाही.

एक_वाचक (८:०५)
अनुजाताई, सकाळी उगाच विचारलं. मेसेज गेला हे वाचून बरं वाटलं.

अनुजा_मिरज (बुधवार, रात्री ९:५०)
अजून उत्तर नाही. आईला एक विचारायचंय: तिचा आणि बाबांच्या फोटोजवळच्या समईचा फोटो पाठवता येईल का?

ओहायोकर (१०:०४)
मेसेजसोबत फोटो जात नाही. छापून टपालाने पाठवा. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव आणि तो आठ आकड्यांचा नंबर हवाच, नाहीतर परत येतं. काही तुरुंगांत मूळ फोटो न देता त्याची प्रत काढून देतात, म्हणून चेहरे मोठे दिसतील असा काढा.

विजय_ठाणे (१०:११)
मी पहिल्या दिवसापासून पत्रच म्हणत होतो. आईच्या हातच्या दोन ओळीही त्यात टाका, मराठीत.