मदत हवी आहे: पाहुणा फ्लॅट सोडत नाही, कुलूप बदलू का?

बाणेरकर_७: वन बीएचके फ्लॅट ॲपवरून पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देतो. एक पाहुणा निघायचं नाव घेत नाही, वर "कोर्टात जा" म्हणतो. चौकीत "दिवाणी मामला आहे, वकील गाठा" म्हणाले. शुक्रवारी पुढचं बुकिंग आहे, लवकर सांगा.

खडूस_काका: मेन स्विच पाडा. मेहुण्याने कोथरूडला हेच केलं, दोन दिवसांत पळाला.

वकिलीणबाई: काका, भलतं शिकवू नका! तो भाडेकरू ठरला तर वीज-पाणी तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. कुलूप बदललं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. धागाकर्ते, राहतोय कधीपासून? करार?

बाणेरकर_७: मेपासून. करार कसला, ॲपवर दहाच दिवसांचं बुकिंग होतं. पुढे कमिशन वाचतं म्हणून थेट जीपे.

वकिलीणबाई: जीपेवर शेरा काय लिहितो?

बाणेरकर_७: "रेंट जून", "रेंट जुलै". त्याचं काय?

वकिलीणबाई: उद्या तेच भाडेकरू असल्याचा पुरावा म्हणून कोर्टात दाखवेल. लेखी लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरू न करता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) असतं तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं, दुप्पट शुल्कही मागता आलं असतं. नोंदणीकृत करार नसला की जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, त्याचंच म्हणणं धरतात. कलम 55. शिक्षेची तरतूदही मालकालाच.

खडूस_काका: अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही. उगाच घाबरवू नका.

वकिलीणबाई: महाराष्ट्रात महिन्याभराच्या करारालाही लागते.

सॅनहोजेकर: आमच्या कॅलिफोर्नियात 30 दिवस उलटले की पाहुण्याला भाडेकरूचे हक्क. मी 28 च्या वर देतच नाही.

कागदपत्रवाला: मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, ऑनलाइन भरता येतं. दोन साक्षीदार आणि आधार तयार ठेवा.

बाणेरकर_७: अहो, मला त्याला काढायचंय, ठेवायचं नाही!

वकिलीणबाई: आजपासून एक रुपया घेऊ नका, आला तर परत पाठवा. ॲपचं बुकिंग, चेकआउटची तारीख, चॅट जपा. तो पाहुणा म्हणून आला याचा पुरावा तेवढाच आहे. वकिलामार्फत परवानगी संपल्याची नोटीस द्या, मग दावा. शुक्रवारचं बुकिंग रद्दच करा.

बाणेरकर_७: रद्द केलं तर ॲप दंड लावतं हो.

नवा_सभासद: रिकामा झाला की भाडं किती? बाणेरलाच शोधतोय. फॅमिली आहे.