रिकाम्या पिकअपला दहा प्लायचे टायर?
एकांनी विचारलंय की गाडी बहुतेक वेळ रिकामीच हायवेवर धावते, तरी लोड रेंज ई म्हणजे दहा प्लायचे (जास्त वजन पेलणारे, मजबूत बांधणीचे) ऑल-टेरेन, म्हणजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारे टायर घ्यावेत का. माझं मत, नको. मी घेतले होते. साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) इतकी कडक की रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडायची, शिवाय टायर जड म्हणून मायलेजही घटलं. रोज वजन वाहणार असाल, टोकदार दगडांतून जात असाल, तर मात्र ते जरूर घ्या.

आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा आणि टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो तो आकडा, तिथे दिलेल्यापेक्षा कमी नको. ११५ म्हणजे एका टायरवर १२१५ किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. एलटी (लाइट ट्रक, म्हणजे असेच वजन वाहणारे) टायर घातलेत तर जुन्याच हवेवर चालवू नका, त्याच वजनाला त्यांना जास्त हवा लागते.

बर्फात जाणार असाल तर टायरवरच्या नुसत्या एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) या खुणेवर विसंबू नका, तीन शिखरांचं हिमकणाचं चिन्ह बघा. आणि हो, टायर कधी बनला ते कळायला साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे दुकानातच वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.